पवईचे तळे : पाणी, पाने आणि गाळ

शाळेच्या सहलीबरोबर पवईला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यावर तलावाच्या कडेला बस थांबली. सातवीतला एक मुलगा सर्वांच्या आधी खाली उतरला, कठड्यापाशी धावत गेला आणि मागे वळून म्हणाला, "सर, तळं कुठंय? इथं तर मैदान आहे!"

सगळी मुले हसली. पण मित्रहो, तो प्रश्न हसण्यासारखा नव्हता. समोर खरोखरच हिरवे मैदान पसरलेले दिसत होते. त्यावर बगळे चालत होते. मधूनच एखादे जांभळे फूल डोके वर काढून होते. पाणी दिसत होते ते लांब, पलीकडच्या टेकडीच्या पायथ्याशी, एखाद्या चकचकीत पट्टीसारखे. त्या मुलाला मैदान वाटले ती होती जलपर्णी. ती तिथे इतकी कशी माजली, हे समजून घ्यायचे तर तळ्याच्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

पवईचा तलाव नैसर्गिक नाही. मुंबईच्या उत्तरेकडील साष्टी बेटावर, काळ्या पाषाणाच्या टेकड्यांमधून मिठी नदीला मिळणारा एक ओढा वाहत होता. दोन टेकड्यांच्या मधल्या जागेत बांध घालून त्याचे पाणी अडवले गेले आणि तलाव झाला. ही गोष्ट १८९० सालची. मुंबईला नळाने पाणी मिळू लागले ते त्याआधी, १८६० साली, पवईच्या उत्तरेला असलेल्या विहार तलावातून. १८७९ साली तुळशी तलावाची भर पडली. पण शहर वाढतच होते. तानसा धरणाचे मोठे काम चालू होते. ते पुरे होईपर्यंत पाण्याची ओढ भागवायची कशी, या अडचणीतून पवईची योजना निघाली. तिला त्या काळी सुमारे १२ लाख ५९ हजार रुपये खर्च आला.

पुढे १८९२ साली तानसाचे पाणी मुंबईत आले आणि पवईची गरज सरली. पवईचे पाणी तानसाच्या मानाने कमी प्रतीचे होते, म्हणून पिण्यासाठी त्याचा उपयोग फार काळ झाला नाही. आजही ते पिण्यासाठी दिले जात नाही. कारखान्यांना आणि आरे दुग्ध वसाहतीला इतर कामांसाठी पुरवले जाते.

एकाच डोंगररांगेतले, एकाच पावसाचे पाणी. विहारचे चालते आणि शेजारच्या पवईचे का चालत नाही? याचे उत्तर शोधायला वही आणि पेन्सिल घ्या.

मुंबई महानगरपालिकेच्या नोंदीप्रमाणे पवई तलाव पूर्ण भरला म्हणजे त्यात ५४५ कोटी ५० लाख लीटर पाणी मावते आणि पाण्याचा पृष्ठभाग २.२३ चौरस किलोमीटर होतो. हजार लीटर म्हणजे एक घनमीटर. तेव्हा पाणी झाले ५४ लाख ५५ हजार घनमीटर, आणि पृष्ठभाग २२ लाख ३० हजार चौरस मीटर. पहिल्या संख्येला दुसरीने भागा. उत्तर येते सुमारे २.४५ मीटर. ही तलावाची सरासरी खोली! म्हणजे जेमतेम आठ फूट. तुमच्या वर्गाचे छत याहून उंच असेल. काठाकाठाने ती याहून कमी आणि बांधाजवळ जास्त असणार हे उघड आहे. शिवाय हे गणित कागदावरचे आहे. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत टेकड्यांवरून वाहून आलेला गाळ तळाशी बसला, तो यात धरलेला नाही.

आता दुसरे गणित. तलावाचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या जमिनीवरचे पावसाचे पाणी वाहत तलावात येते ती जमीन, ६.६१ चौरस किलोमीटर आहे. मुंबईच्या या भागात वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. दोनच मीटर धरा. ६.६१ चौरस किलोमीटरवर दोन मीटर पाणी म्हणजे १ कोटी ३२ लाख घनमीटर. तलावात मावते त्याच्या जवळजवळ अडीचपट! त्यातले काही जमिनीत मुरते, काहीची वाफ होते, तरीही चांगल्या पावसाच्या वर्षी तलाव जुलैच्या आसपास भरून सांडव्यावरून वाहू लागतो आणि ते पाणी मिठी नदीला जाऊन मिळते. वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात 'पवई तलाव ओसंडून वाहू लागला' अशी बातमी येते. त्या बातमीने मुंबईकरांच्या पिण्याच्या पाण्यात थेंबाचीही भर पडत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

तर तळे मोठे पण उथळ आहे. उथळ पाणी लवकर तापते आणि त्याच्या तळापर्यंत ऊन पोचू शकते. ऊन पोचले की वनस्पती आल्याच. पवईच्या तळ्याची सगळी कहाणी या आठ फुटांत आहे.

काठापासून आत

एखाद्या निरोगी, उथळ तळ्याच्या काठावर उभे राहून आत पाहिले, तर वनस्पतींचे पट्टे एकामागून एक लागलेले दिसतात. अगदी काठाच्या चिखलात उभा असतो पाणकणीस. याला रामबाणही म्हणतात. पुरुषभर उंचीची तलवारीसारखी पाने आणि मधोमध उदबत्तीच्या जाड पुड्यासारखे तपकिरी कणीस. मूळ चिखलात, अंग हवेत. याच्या दाट बेटात जांभळी पाणकोंबडी घरटे करते आणि टेकडीवरून येणारा गाळही इथेच अडकतो. त्याच्याच शेजारी नाळीची भाजी पाण्यावर पसरते. पोकळ दांड्याची ही भाजी कोकणात व मुंबईकडे खातात. मात्र गटाराचे पाणी येणाऱ्या तळ्यातली खाऊ नये.

त्याच्या पुढे, कमरेएवढ्या पाण्यापासून, कमळ आणि कुमुद. दोन्हीला आपण सरसकट कमळ म्हणतो, पण ओळखणे सोपे आहे. कुमुदाचे पान पाण्यावर तरंगते आणि त्याला देठापर्यंत एक चीर असते. कमळाच्या पानाला चीर नसते. देठ पानाच्या अगदी मध्यावर, छत्रीच्या दांड्यासारखा येतो, आणि वाढलेली पाने व फूल पाण्याच्या वर उभी राहतात.

कमळाचे कंद चिखलात रुतलेले असतात आणि चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच. मग ते जगतात कसे? कमळाच्या देठाचा वीतभर तुकडा कापा, एक टोक पाण्याच्या भांड्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकातून फुंका. भराभर बुडबुडे येतील. देठात वरपासून खालपर्यंत नळ्या असतात. उन्हाने तापलेल्या पानात हवेचा दाब थोडा वाढतो आणि ती हवा देठातून खाली कंदापर्यंत ढकलली जाते, मग दुसऱ्या वाटेने बाहेर पडते. पंप नाही, पाते नाही, आणि दिवसभर हवा खेळती! या वनस्पतीची चिवटाईही पाहण्यासारखी आहे. चीनमधल्या एका आटलेल्या सरोवराच्या तळात सापडलेले, सुमारे १३०० वर्षांचे कमळबीज शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवले. हा वृत्तांत १९९५ साली प्रसिद्ध झाला.

आणखी आत गेलो की पाण्याखालचे जंगल लागते. हायड्रिला, सेरॅटोफायलम, व्हॅलिस्नेरिया ही त्यातली मंडळी. गावात सगळ्यांना मिळून 'शेवाळ' म्हणतात, पण ती शेवाळे नव्हेत. फुले येणाऱ्या वनस्पती आहेत. यांतल्या हायड्रिलाशी तुमची ओळख प्रयोगशाळेत झालेली असेल. उलट्या नरसाळ्याखाली ठेवून तिचे बुडबुडे परीक्षानळीत गोळा करतात, तीच ही. त्या नळीत जे दिसते ते तळ्यात सबंध दिवसभर चालू असते; पाण्यात प्राणवायू सोडला जात असतो.

व्हॅलिस्नेरियाचे लग्न मात्र एकदा वाचावेच असे आहे. या वनस्पतीची पाने फितीसारखी लांब, संपूर्ण पाण्याखाली. मादीफूल आणि नरफूल वेगवेगळ्या झाडांवर असते. मादीफुलाचा देठ वाढत वाढत पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतो आणि फूल तिथे उघडते. नरफुले अगदी बारीक असतात. ती तळाजवळच देठापासून सुटतात, बुडबुड्यांसारखी वर येतात, पृष्ठभागावर उमलतात आणि वाऱ्याबरोबर होडीसारखी भटकू लागतात. मादीफुलाच्या भाराने पाण्याच्या पृष्ठभागावर एक किंचित खळगा पडलेला असतो. जवळ आलेली होडी त्या खळग्यात घसरते आणि पराग लागतो. मग मादीफुलाचा देठ स्प्रिंगसारखा वेटोळे घेतो आणि फळ पाण्याखाली नेतो. या साऱ्या व्यवहाराला दोन गोष्टी लागतात : तळापर्यंत पोचणारे ऊन आणि वर मोकळा पृष्ठभाग. त्या नसतील तर व्हॅलिस्नेरिया नाही.

पाण्याखालच्या या जंगलात माशांची पिल्ले लपतात, गोगलगायी चरतात, मुळांमुळे तळाचा गाळ जागच्या जागी राहतो आणि पाणी नितळ राहते. पाणी नितळ म्हणून ऊन तळाला पोचते, ऊन पोचते म्हणून जंगल जगते. चक्र सुरेख आहे, पण नाजूक आहे.

आगंतुक

आता त्या 'मैदाना'कडे येऊ. जलपर्णी मूळची आपली नव्हे. ती दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातली. फिकट जांभळी, मोरपिसासारखा डोळा असलेली तिची फुले पाहून लोक भाळले आणि बागेतल्या हौदांसाठी ती जगभर नेली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि तिथून पसरली. हिच्या पानाचा फुगीर देठ कापून पाहा. आत स्पंजासारखी पोकळ्यांची जाळी असते, तीत हवा भरलेली असते. हा तिचा भोपळा. यावर ती तरंगते. मुळे चिखलात रोवायची गरज नाही, म्हणून खोली कितीही असली तरी तिला फरक पडत नाही, आणि पाणी गढूळ असले तरी नाही, कारण तिची पाने आधीच उन्हात असतात.

वाढ किती वेगाने होते? ऊबदार, खतावलेल्या पाण्यात तिने व्यापलेली जागा साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. समजा, आज पवईच्या एका कोपऱ्यात फक्त एक चौरस मीटर जलपर्णी आहे. दर दोन आठवड्यांनी दुप्पट करत जा. छत्तिसाव्या आठवड्याला ती २ लाख ६२ हजार चौरस मीटर होईल, म्हणजे तलावाचा सुमारे आठवा हिस्सा. काठावरून पाहणारा म्हणेल, 'थोडीशी आहे कोपऱ्यात, बघू पुढे.' आणि बेचाळिसाव्या आठवड्याला, म्हणजे अवघ्या दीड महिन्यात, तलाव झाकलेला! प्रत्यक्षात गर्दी, वारा आणि सांडव्यावरून वाहून जाणारी रोपे यांमुळे वाढ इतकी सरळ होत नाही. पण उशीर का होतो, हे या गणितावरून कळते.

जलपर्णीने पाणी झाकले की खाली अंधार होतो. पाण्याखालचे जंगल मरते. मेलेली पाने, मुळे तळाशी कुजतात आणि कुजताना प्राणवायू वापरला जातो. मुळात पाण्यात तो असतो तरी किती? ३० अंश सेल्सियसच्या एक लीटर पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम. तेवढ्याच हवेत तो याच्या जवळजवळ पस्तीसपट असतो. माशाची सगळी मिळकत ही साडेसात मिलिग्रॅमची, आणि त्यातही वाटेकरी वाढतात. रात्री ऊन नसल्याने प्राणवायू तयार होत नाही, श्वसन मात्र सर्वांचे चालूच. म्हणून पहाटे तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा तळ्यावर पहाटे गेलात तर मासे तोंड वर काढून आ वासताना दिसतील. पवईवर गळ टाकून बसणारी हौशी मंडळी पुष्कळ. रोहू, कटला, मृगळ हे त्यांचे आवडते मासे. त्यांना हे दृश्य नवे नाही.

पण जलपर्णीला एवढे खत घातले कोणी? मित्रहो, आपणच. तलावाभोवती पूर्वी टेकड्या, शेते आणि पासपोलीसारखी लहान गावे होती. १९५८ साली काठावर भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली, पुढे उंच इमारती आल्या, झोपड्या आल्या. सांडपाण्याचा काही भाग नाल्यांतून तलावात येऊ लागला. त्यात नत्र आणि स्फुरद असतात, म्हणजे शेतकरी पोत्यांनी विकत आणतो तीच खते. यांपैकी स्फुरद फार महत्त्वाचे, कारण बहुतेक गोड्या पाण्यात तेच कमी असते आणि त्यामुळे वाढ आटोक्यात राहते. एक ग्रॅम स्फुरद पाण्यात पडले तर त्यावर सुमारे पाचशे ग्रॅम ओले शेवाळ पोसले जाऊ शकते. तळ्यातल्या अन्नघटकांच्या अशा अतिरेकाला सुपोषण म्हणतात. शब्द ऐकायला किती गोड! प्रत्यक्षात तो तळ्याचा आजार आहे. 'अतिपोषण' म्हटले असते तर निदान फसगत झाली नसती.

महानगरपालिका यंत्रांनी आणि मजूर लावून जलपर्णी उपसते. उपसलेली रोपे काठावरच ढीग करून ठेवली तर काय होईल, सांगा पाहू? ती कुजतील, आणि पहिल्या पावसाबरोबर त्यांतले नत्र-स्फुरद पुन्हा तळ्यात उतरेल. म्हणून ती दूर नेणे आवश्यक असते. नेली तर मात्र एक फायदाही होतो : रोपांबरोबर तळ्यातले तेवढे खत बाहेर जाते. तरीही नाल्याचे तोंड उघडे आहे तोवर हे काम गळक्या नळाखाली भांडी बदलत बसण्यासारखे आहे. नालेच वळवून त्यांचे पाणी शुद्ध करण्याच्या योजना त्यासाठीच हाती घेतल्या गेल्या.

काठ कोणाचा?

पवईत मगरी आहेत. हे ऐकून नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही, पण इमारतींच्या सावलीत मगर उन्हात पहुडलेली दिसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे. मगर थंड रक्ताची. अंग तापवायला तिला उतरता काठ लागतो, आणि अंडी घालायला काठावरची मऊ माती. सरळ भिंत बांधलेला काठ तिच्या दृष्टीने बंद दार.

तळ्याच्या कडेने सायकलींसाठी आणि फिरणाऱ्यांसाठी मार्ग बांधण्याचे काम महानगरपालिकेने सुरू केले, तेव्हा यावरूनच वाद पेटला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. अर्जदारांत तंत्रज्ञान संस्थेतले विद्यार्थीही होते. मे २०२२ मध्ये न्यायालयाने हे काम बेकायदेशीर ठरवले आणि बांधलेले काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. फिरायला जागा हवी हे म्हणणे चुकीचे नाही. मुंबईत ती आहेच कुठे? पण आपण वर पाहिलेला पाणकणसाचा पट्टा, गाळ अडवणारा आणि पाणकोंबड्यांना घर देणारा, तोही नेमका त्याच काठावर असतो. काठ म्हणजे रिकामी जागा, ही समजूत मला तरी पटत नाही.

आता तुमचे काम. तुम्ही पवईजवळ राहत नसलात तरी चालेल. कोणतेही तळे घ्या. पाणी किती नितळ आहे हे मोजायचे साधन अगदी साधे आहे. इटलीतील आंजेलो सेक्की या खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली समुद्रावर ते वापरून पाहिले. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती घ्या. तिचे चार समान भाग करून आळीपाळीने पांढरा आणि काळा रंग द्या. मधोमध भोक पाडून दोरी ओवा, खाली एखादे वजन बांधा आणि दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारा. चकती पाण्यात सोडत जा. ती दिसेनाशी झाली की गाठी मोजा. मग हळूहळू वर घ्या आणि पुन्हा दिसू लागली की परत मोजा. दोन्हींची सरासरी ही तुमची नोंद. हे काम शिक्षकांबरोबर, पक्क्या धक्क्यावरून किंवा पुलावरूनच करावे. पाण्यात उतरू नये. पवईवर तर नाहीच नाही!

आलेल्या आकड्याच्या साधारण दुप्पट ते अडीचपट खोलीपर्यंत वनस्पतींना पुरेसे ऊन मिळते. चकती एक मीटरवर दिसेनाशी झाली, तर दोन-अडीच मीटरपर्यंत हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया जगू शकतात. पवईची सरासरी खोली आठवा : २.४५ मीटर. म्हणजे जवळजवळ सबंध तळाला ऊन! पण चकती तीसच सेंटिमीटरवर नाहीशी झाली, तर ऊन पाऊण मीटरवरच थांबेल, आणि बाकीचे तळे आपोआप तरंगणाऱ्या पाहुण्यांच्या हवाली होईल.

महिन्यातून एक दिवस ठरवा, वेळ शक्यतो दुपारी बाराच्या सुमारास ठेवा, आणि वर्षभर नोंद करा. पहिल्या पावसानंतरची आणि दिवाळीच्या सुट्टीतली नोंद शेजारी शेजारी मांडून पाहा. त्याच वहीत तळ्याचा कच्चा नकाशा काढून कोणत्या बाजूला पाणकणीस आहे, कुठे कमळे, कुठे जलपर्णी, हे दर वेळी वेगवेगळ्या रंगांत रंगवा. नाला जिथे येऊन मिळतो, तिथे कोणता रंग येतो तेवढे बघाच.